नर्मदामातेची लेकरे आणि आपली ओंजळ



शतपथ ब्राह्मणात मनू आणि मत्स्याची कथा येते. सकाळी हात धुण्यासाठी घेतलेल्या पाण्याबरोबर मनूच्या ओंजळीत एक लहानसा मासा आला. मोठे मासे आपल्याला गिळतील या भीतीने त्याने मनूकडे संरक्षण मागितले आणि पुढे मीही तुला वाचवीन, असे वचन दिले. मनूने त्याला आधी घटात, मग खड्ड्यात वाढवले आणि मोठा झाल्यावर समुद्रात सोडले. नंतर महापूर आला तेव्हा त्याच मत्स्याने मनूची नाव सुरक्षित स्थळी नेली.

आपल्याला बहुधा कथेचा उत्तरार्धच आठवतो, भगवंताने मत्स्यरूपाने माणसाला तारले हा. पण क्रम नीट पाहिला तर आधी माणसाने माशाचे रक्षण केले आहे. आजच्या पाठात आपण या पूर्वार्धाचा विचार करणार आहोत. आज एखादा मासा आपल्या ओंजळीत आला, तर त्या ओंजळीत पाण्याबरोबर आणखी काय असेल?

१. घाटावर आज काय दिसते

जबलपूरकरांसाठी नर्मदा ही केवळ नदी नाही. अमरकंटकहून निघून खंबातच्या आखातापर्यंत १३१२ किलोमीटर वाहणारी ही माता आपल्या शहराजवळून जाते, हे आपले भाग्य. मराठी माणसाचेही तिच्याशी जुने नाते आहे. परमहंस परिव्राजकाचार्य श्री वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामींनी तिच्याच तीरावर, गरुडेश्वर येथे १९१४ मध्ये देह ठेवला. आजही महाराष्ट्रातून अनेक जण परिक्रमेसाठी येतात. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनी १९७७ पासून तिच्या काठाने टप्प्याटप्प्याने पदयात्रा केली आणि तिचे सौंदर्य शब्दांत व चित्रांत उतरवले.

आता ग्वारीघाटावर संध्याकाळच्या आरतीनंतर थोडा वेळ थांबून पाण्याच्या कडेला पाहावे. दीपदानाचे द्रोण दिसतात. त्यांतले काही पानांचे, तर काही चंदेरी चकचकीत. या चकचकीत द्रोणांच्या कागदावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. उदबत्तीची वेष्टने, फुले आणलेल्या पिशव्या, माशांना घालायच्या लाह्या-फुटाण्यांच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या हेही दिसते. यांतली निम्मी-अधिक वस्तू कोणी वाईट हेतूने टाकलेली नसते. ती पूजेबरोबर आलेली असते.

मातेला अर्पण केलेल्या चुनरीकडेही पाहावे. बाजारात स्वस्तात मिळणारी चमकदार जाळीची चुनरी बहुधा पॉलिएस्टरची असते. पाण्याची बाटली ज्या पदार्थापासून बनते, त्याच पदार्थाचा धागा काढला की पॉलिएस्टर होते. म्हणजे आपण वस्त्र समजून जे वाहतो, ते पाण्याच्या दृष्टीने प्लास्टिकच आहे.

२. पाण्यातल्या जिवाला प्लास्टिक कसे मारते

(अ) अडकून. तुटलेली नायलॉनची जाळी, दोऱ्या, जाळीची वस्त्रे पाण्यात तरंगत राहतात. माशाचे कल्ले त्यात अडकतात. कासव आणि मगर पाण्यात राहत असले तरी श्वास हवेतूनच घेतात. पाय किंवा मान गुंतली आणि वर येता आले नाही, तर पाण्यातला जीव पाण्यातच बुडून मरतो. सुटण्यासाठी धडपड करावी तसा फास आवळत जातो.

(आ) गिळून. समुद्री कासवे जेलीफिश खातात. पाण्यात तरंगणारी पांढरी पिशवी त्यांना तशीच दिसते. शिवाय कासवाच्या घशात आत वळलेले काटे असतात. निसरडे भक्ष्य सुटू नये म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे, पण त्यामुळे एकदा आत गेलेली पिशवी सहसा बाहेर येत नाही. प्लास्टिक काही दिवस पाण्यात राहिले की त्यावर शेवाळ आणि सूक्ष्म जीव वाढतात आणि त्याला अन्नासारखा वास येऊ लागतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लॉगरहेड जातीच्या कासवांनी अशा प्लास्टिकच्या वासाला खऱ्या अन्नासारखाच प्रतिसाद दिला. म्हणजे प्राण्याची चूक नाही. त्याचे डोळे आणि नाक बरोबरच काम करत आहेत, फसवणूक आपण पाठवलेल्या वस्तूत आहे. पोट भरते, पण पोषण मिळत नाही. पोट भरलेले असतानाच तो जीव उपाशी मरतो. २०१८ मध्ये इंडोनेशियाच्या किनाऱ्यावर मृत सापडलेल्या एका स्पर्म व्हेलच्या पोटातून सुमारे सहा किलो प्लास्टिक निघाले आणि त्यात ११५ पेले होते.

(इ) चुरा होऊन. प्लास्टिक कुजत नाही, तुटत जाते. ऊन, वाळूचे घर्षण, खडकांवरचे आपटणे यांनी त्याचे बारीक कण होतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान कणांना सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. पॉलिएस्टरच्या कापडाचे तंतूही त्यात येतात. हे कण आधी लहान जीव खातात, त्यांना लहान मासे, त्यांना मोठे मासे. शेवटी हा प्रवास आपल्या ताटापर्यंत येतो. २०१८ मध्ये मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांना बाजारातल्या खाण्याच्या मिठात असे कण आढळले. २०२२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी ते माणसाच्या रक्तातही आढळल्याचे सांगितले.

(ई) तळ झाकून. पिशवीचे प्लास्टिक पाण्यापेक्षा हलके असते म्हणून तरंगते. बाटलीचे प्लास्टिक पाण्यापेक्षा जड असते, त्यामुळे पाणी भरलेली बाटली किंवा तिचे तुकडे तळाशी बसतात. जे डोळ्यांना दिसत नाही ते गेले, असे आपण समजतो. ते तळाशी असते. मध्य प्रदेशने २०११ मध्ये महाशीरला राज्यमासा घोषित केले. नर्मदाकाठी त्याला बाडस असेही म्हणतात. त्याला वाहते, स्वच्छ पाणी आणि अंडी घालण्यासाठी खडे-वाळूचा मोकळा तळ लागतो. महाशीर कमी होण्यामागे धरणे, वाळूउपसा आणि बेसुमार मासेमारी ही मोठी कारणे आहेत. सगळा दोष प्लास्टिकवर टाकणे योग्य होणार नाही. पण आधीच संकटात असलेल्या जिवावर आपण आणखी एक ओझे टाकतो आहोत, हे मान्य करावेच लागेल.

३. नदीचे ते सागराचे

परिक्रमावासी विमलेश्वरहून नावेत बसून मिठी तलाईला उतरतात, तेव्हा नर्मदा आणि सागर यांच्यात कोणतीही भिंत नाही हे त्यांना प्रत्यक्ष दिसते. जबलपूरचे ओमती आणि मोती हे नाले शहराच्या मधून वाहतात आणि त्यांचे पाणी शेवटी नर्मदेच्याच खोऱ्यात जाते. नाल्यात टाकलेले काही धरणांच्या जलाशयांत आणि गाळात अडकते, उरलेले पुढे जाते. एका प्रसिद्ध अभ्यासानुसार २०१० या एका वर्षात जगभरच्या किनारी देशांतून ४८ लाख ते १२७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेले.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर याचे दोन्ही चेहरे दिसतात. डहाणूच्या कासव उपचार केंद्रात जाळ्यांत सापडून जखमी झालेली कासवे आणली जातात. काहींचे पोहण्याचे पर कापावे लागतात. दुसरीकडे मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर ॲड. अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये हाताने कचरा उचलायला सुरुवात केली. हळूहळू शेकडो लोक जोडले गेले. मार्च २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले वाळूतून बाहेर येऊन समुद्राकडे जाताना दिसली. सुमारे वीस वर्षांनी तिथे हे घडले होते. यातून शिकण्यासारखे हे, की निसर्ग रुसून बसत नाही. जागा मोकळी केली की तो परत येतो.

४. या व्यवहाराचा हिशेब

वाणिज्य शाखेत पहिला धडा असतो, प्रत्येक नोंदीला दोन बाजू असतात. एका खात्यात जमा झाले तर दुसऱ्या खात्यातून गेलेच पाहिजे. प्लास्टिकची पिशवी आपल्याला फुकट मिळते. मग तिची किंमत कोणाच्या खात्यात लिहिली गेली? ती गोळा करण्याचा, वाहून नेण्याचा, नष्ट करण्याचा खर्च दुकानदाराने दिला नाही, आपणही दिला नाही. तो कासवाच्या पोटात आणि माशाच्या कल्ल्यात लिहिला गेला. ज्याला वही वाचता येत नाही त्याच्या नावावर कर्ज टाकणे, याला व्यवहारात अप्रामाणिकपणा म्हणतात. अस्तेय म्हणजे चोरी न करणे. ते केवळ माणसांपुरते आहे का, याचा विचार साधकाने करावा.

आपल्या शहरात कठौंदा येथे कचऱ्यापासून वीज बनवण्याचा प्रकल्प आहे. पण तिथे तोच कचरा पोहोचतो जो डब्यात पडला. पाण्यात पडलेला तिथे जात नाही.

५. श्रद्धा आणि विवेक

१ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ, सजावटीचे थर्मोकोल यांवर बंदी आहे. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांनाही परवानगी नाही. पण त्या यादीत पॉलिएस्टरची चुनरी नाही. कायदा जिथे थांबतो तिथून विवेकाचे काम सुरू होते.

इथे एक अडचण खरी आहे. घरातल्या आजींनी नवस बोललेला असतो, की नातवाचे लग्न ठरले की मैयाला चुनरी चढवीन. त्यांना प्लास्टिकवर व्याख्यान दिले तर त्यांच्या भावनेला ठेच लागेल आणि त्या ऐकणारही नाहीत. मग काय करावे? नवस मोडू नये, वस्त्र बदलावे. सुती चुनरी आणावी, ती मातेच्या जलाला लावावी, पूजा करावी आणि प्रसाद म्हणून एखाद्या गरजू भगिनीला द्यावी. पूजेतले वस्त्र प्रसाद म्हणून देणे आपल्या परंपरेला नवे नाही. आजींना फक्त एवढे सांगावे, की नर्मदामातेचे वाहन मगर आहे. आदी शंकराचार्यांच्या नावे असलेल्या नर्मदाष्टकात मासे, कासवे, मगरी आणि चक्रवाक पक्षी यांना सुख देणारी अशी तिची स्तुती आहे. जिच्या लेकरांचा श्वास कोंडतो, ती आई त्या भेटीने कशी प्रसन्न होईल? आजींना हे आपल्यापेक्षा लवकर समजते.

६. या महिन्याचे संकल्प

• घाटावर जाताना घरून कापडी पिशवी न्यावी. फुले, कापूर, वात त्यातच ठेवावे.
• दीपदानासाठी पळसाच्या किंवा माहुलाच्या पानांचा द्रोण, नाहीतर कणकेचा दिवा वापरावा. विक्रेत्याशी वाद घालू नये. पानांचा द्रोण आवर्जून मागावा आणि थोडी जास्त किंमत पडली तरी द्यावी. मागणी बदलली की माल आपोआप बदलतो आणि पाने गोळा करणाऱ्यांच्या घरी दोन पैसे जातात.
• माशांना काही घालायचे असेल तर पुडी परत घरी आणावी.
• घाटावरून निघताना आपला नसलेला निदान एक तुकडा उचलावा आणि डब्यात टाकावा.
• नर्मदा जयंतीला, माघ शुद्ध सप्तमीला, आपल्या केंद्रातर्फे प्लास्टिकमुक्त पूजासाहित्याची तयारी आधीच करावी. त्यासाठी चार जणांनी आजच नावे द्यावीत.

चिंतनासाठी प्रश्न

१. मनूच्या कथेत रक्षणाचा क्रम कोणता आहे? आपण तो क्रम उलटा केला आहे का?
२. गेल्या आठवड्यात फुकट मिळालेल्या कोणत्या वस्तूची किंमत दुसऱ्या जिवाने दिली असेल?
३. आपल्या घरच्या पूजेत प्लास्टिक कोणकोणत्या रूपाने येते? यादी करून पुढच्या अभ्यासवर्गाला आणावी.

नर्मदे हर!