बारकोडाची साक्ष
सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे विनोबा भावे रुग्णालय ही दोन्ही फारशी दूर नसल्यामुळे, वर्धा शहराला आता जवळजवळ लागूनच असलेल्या आमच्या नालवाडीत औषधविक्रेत्याच्या हाती ज्या चिठ्ठ्या पडतात, त्या बहुधा वर्षानुवर्षे चालणाऱ्या विकारांच्या आणि पुष्कळदा एकाच घरातील दोघातिघांच्या असतात. ही बाब वरवर किरकोळ दिसते. परंतु ज्या प्रसंगामुळे मी हे लिहावयास बसलो, त्याचे मूळ तिच्यातच आहे.

पूर्वी मी ज्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून नोकरीस होतो, तेथे प्रत्येक चिठ्ठी येताच तिला बारकोडाचे लेबल लावावयाचे, औषधे काढताना ते स्कॅन करावयाचे आणि पिशवी हवाली करताना पुन्हा स्कॅन करावयाचे, अशी तजवीज होती, व ती उत्तमच होती. एका सायंकाळी गर्दीत सासू-सुनेच्या चिठ्ठ्या एकदम आल्या. आडनाव तेच, नावाचे आद्याक्षरही तेच. दोन लेबलांची अदलाबदल झाली, आणि त्यापुढे यंत्राने प्रत्येक टप्प्यावर ती चूक बरोबर म्हणूनच मान्य केली. थायरॉईडची गोळी घेणाऱ्या सुनेच्या पिशवीत सासूची ग्लिमेपिराईड गेली. मधुमेह नसलेल्या माणसाची रक्तशर्करा या गोळीने इतकी खाली येऊ शकते की तो बेशुद्ध पडावा. सुनेने पिशवी तेथेच उघडली आणि म्हणाली, "भाऊ, माही गोळी तं बाटलीत राहते ना!" म्हणून अनर्थ टळला.

माझे व्यवसायबंधूंना आग्रहाचे सांगणे आहे की, एका चिठ्ठीला लेबल लागल्याशिवाय दुसरी हाती घेऊच नये. आणि 'तुम्ही अमुकच ना?' असे न विचारता, ज्याला त्याला स्वतःचे पूर्ण नाव व वय सांगावयास लावून चिठ्ठीशी त्याची रुजुवात घ्यावी, कारण घाईत असलेला माणूस कोणत्याही प्रश्नाला होकार देतो. 1 ऑगस्ट 2023 पासून 300 ब्रँडांच्या औषधांवर बारकोड अथवा क्यूआर कोड सक्तीचा झाला असून बॅच क्रमांक व मुदतही त्यात मिळते, हे स्वागतार्हच आहे. इतर मालावरील नेहमीच्या तेरा आकडी बारकोडात मात्र तो तपशील नसतो, म्हणून मुदत डोळ्यांनीच वाचावी लागते. शिवाय कोणताही कोड औषधाची ओळख पटवतो, रोग्याची नव्हे. शेड्यूल एच-1 मधील औषधांची नोंदवही तर तीन वर्षे जपावी लागते. लेबलाबरोबर चुकीचे नाव तिच्यात गेले, तर दप्तरही तितका काळ खोटे बोलत राहते.

रोग्यांच्या आप्तांनीही जुनी रिकामी स्ट्रिप किंवा बाटली सोबत आणावी, आणि काउंटरवरच पिशवी उघडून प्रत्येक औषध चिठ्ठीशी ताडून पाहावे. मागे रांग कितीही लांब असो, त्यात संकोच बाळगू नये.