पाण्याचा जमाखर्च

दुकानदार रोज रात्री वही उघडून जमाखर्च लिहितो. तसा पाण्याचाही जमाखर्च मांडता येतो, बरं का!

आधी जमा पाहू. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. एका हेक्टरात १०,००० चौरस मीटर. म्हणजे ४०० मिलिमीटर पाऊस झाला, तर एका हेक्टरावर ४० लाख लिटर पाणी पडले!

मग उन्हाळ्यात विहीर का आटते? आई-ताईला हंडा घेऊन लांब का जावे लागते?

ज्या जमिनीवरचे पाणी वाहत एकाच ओढ्याला मिळते, ते त्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र. त्याचा डोंगरमाथा उघडा असेल, तर पाणी माती घेऊन धावत सुटते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी फक्त मुरुमात व भेगांत साठते. ते हळूहळू मुरते. म्हणून काम माथ्याकडून पायथ्याकडे करावे. डोंगरावर झाडे, गवत व समतल चर, शेताला बांध, ओढ्यात नालाबांध.

आता खर्च. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे कमी पावसाचे गाव. दुष्काळामुळे कितीतरी माणसे गाव सोडून गेली होती. १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. गावकऱ्यांनी श्रमदान केले, चर खणले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. पण जमा वाढवून ते थांबले नाहीत. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, असे गावाने ठरवले. पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत हिशेब होतो. आधी माणसांचे व गुराढोरांचे पाणी, मग पिकांचे. पाऊस कमी, तर जास्त पाण्याची पिके कमी.

हे बंधन कशाला? जमिनीवर बांध असतो, जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो. एकाने खोल बोअर मारून उपसा केला, की शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते. विहीर ज्याची त्याची, झरा मात्र सगळ्यांचा!

आपण काय करायचे? दर महिन्याच्या १ तारखेला मोठ्या माणसाला बरोबर घेऊन विहिरीत दोर सोडा. काठावर वाकू नका. पाणी किती हात खाली आहे ते वहीत लिहा. वर्षभराने ती वही घरी वडिलांना दाखवा. पाण्याचा खर्च जमेपेक्षा जास्त होतो का, ते दोरच सांगेल.