कवटीचे माप आणि पंगतीतली जागा

वारीत पुढच्याची जात कोणी विचारीत नाही, समोरासमोर आले की लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगण्यासारखे आहेच ते. पण मुक्कामावर चूल पेटली म्हणजे काय होत आले, तेही सांगायला हवे. माणसामाणसांतला भेद लोक कशाकशावरून ठरवतात, याचा विचार आज इरावतीबाई कर्वे यांच्या अनुभवावरून करू.

इरावतीबाई (१९०५–१९७०) तरुणपणी बर्लिनला शिकायला गेल्या. ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. गोऱ्या युरोपियनांची बुद्धी श्रेष्ठ, तेव्हा त्यांच्या कवटीची उजवी बाजू डावीपेक्षा जास्त वाढलेली असणार, इतरांची तशी नसणार, असा त्यांचा कयास. आधी निकाल, मग पुरावा! इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून उचलून आणलेल्याही होत्या. कोणाच्या आया-बापांच्या असतील त्या, कोण जाणे. डावी-उजवी बाजू सारखी नसते, हे दिसले. पण त्याचा वंशाशी संबंध काही दिसेना. पदवी ज्यांच्या हाती, त्यांच्याच मताविरुद्ध बाईंनी तसे लिहून दिले. परक्या मुलुखात एकट्या बाईने हे करायचे म्हणजे थोडे धैर्य नव्हे.

पुढे जर्मनीत नाझींचे राज्य आले. १९३५ साली न्यूरेंबर्गचे कायदे झाले. ज्यू हा वेगळा वंश, त्याचे रक्तच वेगळे, असे कायदा म्हणे. पण अमक्याचे रक्त ज्यू आहे हे ओळखायचे कसे? रक्त तपासून ते कळत नाही, कवटी मोजूनही नाही. मग त्यांनी आजा-आजींचा धर्म पाहिला. चारांतले तीन ज्यू धर्मसमाजातले निघाले की नातू ज्यू. मग तो स्वतः चर्चमध्ये जाणारा असो. बोलायचे वंशाचे नि पाहायचे धर्माचे! या एका शिक्क्यावर पुढे लाखोंचे प्राण गेले.

आपल्याकडे १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले. त्यांनी नाकाची रुंदी-लांबी मोजून जातींची उच्चनीचता वंशावर बसवली. जितके नाक रुंद तितकी जात खालची, असा हिशेब. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात असलीच मापे घेऊन उलट दाखवले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने वेगळे ठरत नाहीत. तो ग्रंथ त्यांनी ज्या तिघा संतांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत आपले चोखोबा आहेत.

आणि चोखोबांच्या घरात या भेदाचा उलगडा कसा होत होता? एके ठिकाणी खुद्द चोखोबा आपल्या जन्माचे कारण मागल्या जन्मीच्या दोषात शोधतात. त्यांचा मुलगा कर्ममेळा मात्र ते मुकाट्याने घेत नाही; असा जन्म का दिलास म्हणून देवालाच जाब विचारतो. सोयराबाईंचा प्रश्न तर याहून मुळाशी जातो. देह म्हटला की विटाळ आलाच, त्यावाचून कोणाचाच देह नाही. मग सोवळा राहिला कोण? कवटी न मोजता ही माउली जिथे पोचली, तिथे पोचायला शास्त्राला सहाशे वर्षे लागली.

आता इरावतीबाईंकडे वळू. त्या पुढे आपल्या वारीत चालल्या आणि त्यावर 'वाटचाल' हा लेख लिहिला. 'परिपूर्ती' या १९४९ च्या पुस्तकात तो आहे. वारकऱ्यांनी जरूर वाचावा. दिंडीत त्यांना प्रेम मिळाले, अभंग मिळाले. पण दिवसभर एका सुरात गाणारी माणसं जेवायला बसताना वेगळी होत. ब्राह्मणांची पंगत निराळी, मराठ्यांची निराळी. हे त्यांना फार लागले. बर्लिनमध्ये मोजून न सापडलेला भेद इथे मोजायची गरजच नव्हती, वाढणाऱ्यालाही तो पाठ होता.

पूर्वी असे होते, आता ते राहिले नाही, असे कोणी म्हणेल. पुष्कळ बदलले, कबूल. पण ते आपोआप नाही बदलले. चोखोबांची समाधी महाद्वारी, नामदेव पायरीपाशी, आणि त्यांच्या जातीच्या माणसाला ती ओलांडून आत जाता येईना. त्यासाठी १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. मंदिर खुले झाले, तेव्हा काहींनी, देव बाटला म्हणून, आत पाऊल टाकणेच सोडले. हे लोक नास्तिक नव्हते. रोज हरिपाठ म्हणणारेही त्यांत होते.