रक्तातील लॅक्टेट आणि सेप्टिक शॉक

१८४३ साली जर्मनीतील व्यूर्त्सबुर्ग येथे योहान योझेफ शेरर या वैद्य-रसायनशास्त्रज्ञाने सूतिकाज्वराने मृत्यू पावलेल्या स्त्रियांचे रक्त तपासले, तेव्हा त्यात त्याला लॅक्टिक अम्ल आढळले. हेच अम्ल १७८० साली शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने आंबलेल्या दुधातून वेगळे केले होते. रक्तात ते लॅक्टेटच्या रूपात वावरते. आज अतिदक्षता विभागात त्याचे मोजमाप हे रुग्णाच्या संकटाची खोली जोखण्याचे एक प्रमुख साधन झाले आहे.

जंतुसंसर्गाला तोंड देताना शरीराची प्रतिक्रिया बेताल होऊन स्वतःच्याच इंद्रियांना इजा करू लागते. या अवस्थेस सेप्सिस म्हणतात आणि तिचे उग्र रूप म्हणजे सेप्टिक शॉक. यात रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांच्या भिंतींतून द्रव झिरपतो आणि रक्तदाब कोसळतो. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार येथे दोन गोष्टी एकत्र असाव्या लागतात : शिरेवाटे पुरेसा द्रव देऊनही सरासरी रक्तदाब पाऱ्याच्या ६५ मिलिमीटरपर्यंत टिकविण्यासाठी वाहिन्या आकुंचित करणारे औषध लागणे, आणि लॅक्टेटचे प्रमाण लिटरमागे २ मिलिमोलपेक्षा अधिक असणे. अशा शंभर रुग्णांपैकी चाळीसहून अधिक रुग्णालयातच दगावतात.

लॅक्टेट का वाढते? पेशी प्रथम ग्लुकोजचे विघटन करून पायरुव्हेट बनवितात. प्राणवायू पुरेसा असेल तर पायरुव्हेटचे पुढे ज्वलन होऊन भरपूर ऊर्जा मिळते. तो कमी पडला, की पायरुव्हेटचे लॅक्टेट होते व ऊर्जा अगदी थोडी लाभते. तथापि सेप्सिसमध्ये एवढेच कारण नसते. ॲड्रेनलिनच्या उत्तेजनामुळे स्नायू प्राणवायू असतानाही लॅक्टेट निर्माण करतात आणि एरवी ते रक्तातून दूर करणारे यकृत दुबळे झालेले असते. म्हणून लॅक्टेट हे विष नव्हे. ती शरीरावर पडलेल्या ताणाची खूण होय.

या खुणेचे महत्त्व असे, की रक्तदाब फसवू शकतो. काही काळ शरीर त्वचा व आतडी यांकडील रक्त कमी करून दाब सावरून धरते. वरवर स्थिर दिसणाऱ्या अशा रुग्णाचे लॅक्टेट ४ मिलिमोलपर्यंत चढलेले असेल, तर तो गंभीर धोक्यात आहे असे समजावे. शॉकच्या रुग्णांत लॅक्टेट जितके अधिक, तितकी जगण्याची शक्यता कमी, हे ब्रोडर व वाइल यांनी १९६४ सालीच दाखविले होते. परंतु एकाच आकड्यापेक्षा त्याची दिशा अधिक सांगते. उपचार सुरू झाल्यावर काही तासांनी पुन्हा मोजलेले लॅक्टेट उतरत असेल तर आशा वाढते. ते तसेच राहिले वा चढले, तर उपचारांचा फेरविचार करावा लागतो.

आकडा वाचताना सावधगिरीही हवी. अपस्माराचा झटका, यकृताचा विकार, थायमिनची उणीव, दम्यावरील काही औषधे यांमुळेही लॅक्टेट वाढते. शिवाय तांबड्या पेशी नळीतही लॅक्टेट बनवीत राहतात. त्यामुळे तपासणीस विलंब झाला तर आकडा खोटाच फुगतो. कारण न शोधता केवळ तो उतरविण्यासाठी द्रव ओतत राहिल्यास फुप्फुसांत पाणी साचण्याचे भय असते.

या संदर्भात २०१९ साली प्रसिद्ध झालेला दक्षिण अमेरिकेतील एक अभ्यास उद्‌बोधक आहे. पाच देशांतील २८ रुग्णालयांत ४२४ रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाचे उपचार लॅक्टेट पाहून ठरविले. दुसऱ्याचे, बोटाचे टोक दाबून सोडल्यावर तेथे रक्त किती वेळात परतते हे पाहून. तीन सेकंदांहून अधिक वेळ लागणे हे रक्तपुरवठा अपुरा असल्याचे लक्षण मानले होते. २८ दिवसांत पहिल्या गटातील ४३.४ टक्के व दुसऱ्यातील ३४.९ टक्के रुग्ण मरण पावले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक निर्णायक ठरला नाही. तरीही ज्या लहान रुग्णालयात लॅक्टेट मोजण्याचे यंत्र नाही, तेथील वैद्यास त्यातून मोठा दिलासा मिळतो. यंत्राचा आकडा बहुमोल आहे. पण तो रुग्णाच्या शय्येशेजारी उभे राहूनच वाचावयाचा असतो.