गिझर घ्यायचा, पण कोणता?

थंडी पडली की आमच्या भद्रावतीत हा विषय निघतोच. बंब अडगळीत गेला, रॉडची भीती वाटते, मग गिझर घ्यायचा; पण टाकीचा की इन्स्टंट? दुकानदार म्हणतो, "इन्स्टंटला लाईट कमी लागते." मित्रांनो, फर्स्ट इयरचं फिजिक्स काढा आणि तपासून बघा.

नळाचं पाणी २० अंश आणि आंघोळीचं ४० अंश धरू. १५ लिटरची बादली तापवायला १५ × ४.१८ × २० = १२५४ किलोज्यूल, म्हणजे ०.३५ युनिट. गिझर कोणताही असो, पाण्याला एवढी उष्णता द्यावीच लागते. फरक पडतो तो वेळेत आणि उष्णतेच्या गळतीत.

३ किलोवॅटचा इन्स्टंट मिनिटाला जेमतेम २ लिटर पाणी देतो. बादलीला ७ मिनिटं. १५ लिटर टाकीचा २ किलोवॅटचा गिझर २१ मिनिटांत ६० अंश गाठतो आणि त्यात तेवढंच थंड पाणी मिसळलं की दोन बादल्या होतात. मात्र दिवसभर चालू ठेवला तर टाकी थंड होत राहते आणि थर्मोस्टॅट पुन्हा पुन्हा वीज ओढतो. दुकानदाराचं म्हणणं खरं आहे ते एवढ्यापुरतंच. आंघोळी आटोपल्या की बटण बंद करा, बरीचशी गळती थांबते.

आता व्होल्टेज. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० चे १८० व्होल्ट झाले की ३ किलोवॅटचे उरतात १.८४! इन्स्टंटची बादली ११ मिनिटांवर जाते. टाकीलाही वेळ लागतो, पण थोडं आधी लावलं की काम भागतं.

तिसरी गोष्ट वायरिंग. ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर. स्वतंत्र जाड वायर, १६ अँपिअरचा सॉकेट, पक्कं अर्थिंग आणि आरसीसीबी हवंच. इथे पैसे वाचवणं म्हणजे जिवाशी खेळ. बोअरचं पाणी जड असेल तर थर्मोस्टॅट ५०-५५ वर ठेवा, कॉईलवर क्षार कमी बसतात.

माझं मत विचाराल तर दोघांचं घर आणि व्होल्टेज चांगलं असेल तर इन्स्टंट. चार-पाच माणसं किंवा व्होल्टेज कमी असेल तर २५ लिटरची टाकी. आणि गच्ची स्वतःची असेल तर सोलर! कोळशातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच वीज होतो. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राशेजारी राहणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.