संगणकसमूहाची उभारणी आणि विसर्जन

सवाई जयसिंहाने इ. स. १७२७ मध्ये जयपूर नगर वसविले. विद्याधर भट्टाचार्य यांच्या योजनेनुसार एकमेकांस काटकोनात छेदणारे रस्ते आणि वस्तीचे नऊ विभाग प्रथम आखले गेले. घरे मागाहून उठली. संगणकसमूहाची उभारणीही याच क्रमाने होते. फरक इतकाच की, नगर कायमचे वसवितात. संगणकसमूह पुष्कळदा काम संपताच मोडावा लागतो.

एखादी आज्ञावली व तिला लागणारे सर्व साहित्य एकत्र बांधले की जे गाठोडे होते, त्यास कंटेनर म्हणतात. अशी अनेक गाठोडी निरनिराळ्या संगणकांवर वाटून देणाऱ्या आणि एखादा संगणक बंद पडल्यास त्यावरील काम दुसऱ्याकडे सोपविणाऱ्या व्यवस्थेचे नाव कुबरनेटीज होय. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. गूगलने ती २०१४ मध्ये सर्वांस खुली केली. रेड हॅट कंपनीचे ओपनशिफ्ट तिच्याच पायावर रचलेले आहे.

जयपुरातील विद्यार्थी मुंबईच्या केंद्रातील भाड्याचे संगणक घेऊन असा समूह उभारू शकतो. त्याने प्रथम समूहाचे नाव, स्थळ व संगणकांची संख्या एका फाईलीत नोंदवावी. इन्स्टॉलर ही फाईल वापरून नाहीशी करतो. म्हणून तिची प्रत आधीच काढून ठेवावी. नंतर ‘ओपनशिफ्ट-इन्स्टॉल क्रिएट क्लस्टर’ ही आज्ञा टंकावी.

आता एक तात्पुरता संगणक प्रथम जागा होतो. तो तीन नियंत्रक संगणकांस कामास लावतो आणि मग स्वतः काढून टाकला जातो. कमान जुळेपर्यंत तिच्याखाली लाकडी साचा असतो, तसेच हे आहे. नियंत्रक तीन असण्याचे कारण असे की, समूहाची नोंदवही तिघांकडेही असते. एक बंद पडला तरी उरलेल्या दोघांचे बहुमत होते व निर्णय अडत नाहीत. त्यानंतर प्रत्यक्ष काम करणारे संगणक येऊन मिळतात. या सर्वांस बहुधा अर्धा ते पाऊण तास लागतो.

समूह मोडण्याची आज्ञा ‘ओपनशिफ्ट-इन्स्टॉल डिस्ट्रॉय क्लस्टर’ ही होय. उभारणीच्या वेळी प्रत्येक संगणकावर व साठवणीवर समूहाची खूण केलेली असते, आणि ती खूण ‘मेटाडेटा’ नावाच्या लहानशा फाईलीत नोंदलेली असते. मोडताना इन्स्टॉलर ही नोंद वाचून खुणेच्या वस्तू शोधतो व काढून टाकतो. ही फाईल हरवल्यास त्याला काय मोडावे हेच कळत नाही. मग भाड्याचे संगणक कोणाच्याही उपयोगी न पडता चालू राहतात आणि त्यांचे बिल वाढत जाते. हाताने मागाहून जोडलेल्या, खूण नसलेल्या वस्तूही तशाच मागे उरतात. त्या स्वतः शोधून काढाव्या लागतात.

म्हणून उभारणीची संपूर्ण फाईलपेटी समूह मोडेपर्यंत जपावी, आणि मोडण्यापूर्वी हवी असलेली माहिती अन्यत्र उतरवून घ्यावी. कारण एकदा आज्ञा दिल्यावर ती परत मिळत नाही.