हात पदराखाली

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, लेकीनं डोक्यात घेतलंय, यंदा दिवाळीला आकाशकंदील करून विकायचे. नववीत आहे गं. करू देऊ का?" मी म्हटलं, करू दे की. पण कसं करू द्यायचं ते फोनवर सांगून संपेना, म्हणून लिहायला बसले. पंधराव्या वर्षी हाताला काहीतरी गवसलेलं मूल ज्यांच्या घरात आहे, त्या सगळ्यांसाठीच हे समजा.

मी स्वतः चौदाव्या वर्षी, कसबा पेठेतल्या वाड्याच्या ओसरीवर, आत्यापाशी कंदील बांधायला शिकले. आत्या शेजारी बसायची ती दोन्ही हात पदराखाली घेऊन. माझा चौकोन वाकडा व्हायला लागला की पदराखाली तिच्या बोटांची चुळबुळ सुरू व्हायची. मला ती दिसायची. पण हात काही बाहेर यायचा नाही. तेव्हा मला तिचा राग यायचा. पुढे माझ्या मुलांच्या वेळी कळलं, की शेजारी बसून हात न लावणं हे कंदील बांधण्यापेक्षा अवघड आहे. भाचे, तुला सांगायचं ते एवढंच. बाकी सगळं त्याच्या अनुषंगानं.

तुझ्या लेकीला पारंपरिक कंदील करायचाय ना? मग तिला आधी त्याचा हिशेब बघू दे. चार कामट्यांचा एक चौकोन, असे सहा चौकोन. ते कोपऱ्याला कोपरा लावून दोऱ्यानं बांधले की मधले आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. वरचा आणि खालचा चौकोन उघडा, बाकी सगळ्यांना पतंगी कागद. म्हणजे एका कंदिलाला २४ तुकडे. सात इंची तुकडे घेतले तर १६८ इंच, चौदा फूट कामटी. वीस कंदील करायचे तर ४८० तुकडे, आणि सगळे अगदी सारखे हवेत. इथे मुलं हमखास फसतात. आत्ता कापलेला तुकडा पुढच्यावर ठेवून कापतात. केसभर फरक पडतो, तो पुढच्यात दुप्पट होतो, आणि पन्नासाव्या तुकड्याला पाव इंचाची चूक. आत्याकडे एक मापाची कामटी होती. तिला लाल दोरा गुंडाळलेला. प्रत्येक तुकडा त्या एकीवरच मापायचा, दुसऱ्या कशावर नाही. लेकीला एवढं जरूर सांग. हे न सांगता चूक करू देण्यात काही शिकवण नाही, नुसती नासाडी आहे.

बांबू चिरायला मात्र तिला बसवू नकोस. बुरूड आळीत चिरलेल्या कामट्या मिळतात. तिथे तिला सोबत ने आणि बोलू दे तिलाच. कामटी बोटांत वाकवून बघायची, कडकन मोडली तर नको म्हणायचं, हे तिथला माणूस तुझ्यापेक्षा चांगलं शिकवेल. कागद, दोरा बोहरी आळीतून. पहिल्या खेपेला ती चुकीचा रंग जास्त आणेल. आणू दे.

खळ घरीच मैद्याची करा, आणि त्या दिवसापुरतीच. खळीला कीड, बुरशी लागू नये म्हणून जुनी माणसं मोरचूद घालायची. मोरचूद विषारी आहे. घरात लहान पोरं, शेजारी मांजर, आणि कंदील करणारी मुलगी त्याच हातानं चिवडा खाणार. त्यापेक्षा उरलेली खळ टाकून दिलेली परवडली. आणि दिव्याची वायर, होल्डर यांच्या नादाला लागू देऊ नकोस. कंदील दिव्याशिवाय विकायचा, आणि घेणाऱ्याला सांगायचं की आत एलईडीच लावा. जुने साठ वॅटचे बल्ब तापून किती कंदील करपले ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता वेळेचं. आयांना सर्वांत जास्त भीती अभ्यासाची, आणि ती खोटी नाही. सहामाही परीक्षा नेमकी दिवाळीच्या तोंडावर येते, आणि कंदिलाचं गिऱ्हाईक दसऱ्यानंतर जागं होतं. दसरा ते धनत्रयोदशी, हातात अठरा-एक दिवस. त्या अठरा दिवसांत सांगाडे बांधायला बसली तर धंदाही जाईल आणि गणितही. म्हणून सांगाड्यांचं काम आधी उरकायचं. जून-जुलैचे पावसाळी रविवार, गणपतीची सुट्टी. कामट्या आधी उन्हं दाखवून नीट वाळवायच्या, नाहीतर कीड लागते. बांधलेला सांगाडा महिनोन् महिने टिकतो. कागद टिकत नाही. रंग उडतो, दमट हवेत ढिला पडतो. म्हणून कागद शेवटी, परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की. तारखांचा तक्ता तिनंच करावा आणि स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवावा. त्यात तुझी लेखणी फिरू देऊ नकोस.

भांडवल बक्षीस म्हणून देऊ नकोस, उसनं दे. हे मी कळकळीनं सांगते. बक्षिसाचे पैसे संपतात, उसने पैसे लक्षात राहतात. समज, एका कंदिलाला कामटी, कागद, दोरा, खळ धरून साठ रुपये लागले, तर विसांचे बाराशे. मोडतोड आणि रिक्षाचे तीनशे धर. पंधराशे रुपये तिच्या हातात ठेव आणि वहीत तारीख घालून तिच्या अक्षरात लिहून घे. विक्रीचे पहिले पंधराशे तुझे. मग तुला ते परत घेताना पोटात कालवेल. तरी घे.

किमतीचं तिच्याशी बोलायला बसशील तेव्हा ती म्हणेल, "साठ लागले, शंभराला देऊ, चाळीस सुटले!" सगळीच मुलं असं म्हणतात, कारण आपल्या वेळेला किंमत असते हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. तिला घड्याळ लावून एक कंदील करायला सांग. दोन तास लागले तर शंभराच्या कंदिलात तिला तासाला वीस रुपये पडले. दोनशेवीसला विकला तर ऐंशी. मग तिचं तिलाच विचार, तुझा एक तास कितीला? आणि गप्प बस. माझ्या एका भाच्यानं या प्रश्नावर तीन दिवस घेतले होते. तीन दिवसांनी आला तो किंमत वाढवून नव्हे, तर कागद आधी साच्यावर एकदम कापून वेळ निम्म्यावर आणायची युक्ती घेऊन. मी सांगितली असती तर त्यानं ती ऐकलीही नसती.

विक्रीचं एक दुःख सांगते, कारण त्यात चूक मोठ्यांची होती. पंधराव्या वर्षी मी केलेले तीस कंदील घरच्यांनी एका दुकानदाराकडे जाकड ठेवले. विकले गेले तर पैसे, नाहीतर माल परत. कागद नाही, सही नाही. परतीचा पाऊस आला, कंदील बाहेर टांगलेले. भाऊबीजेला सतरा परत आले, कागद लोंबत. उरलेल्या तेरांचे पैसे आले ते आठांचेच. मी रडले त्याहून आत्या जास्त चिडली, दुकानदारावर नव्हे, घरच्यांवर. जाकड द्यायचंच तर किती नग, कितीला, भिजला-फाटला तर कुणाचा, पैसे कोणत्या तारखेला, हे चार ओळींत लिहून सही घ्यायची. आणि ती सही तू करायचीस, लेकीनं नाही. १८७२ च्या करार कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलाला करार करता येत नाही, आणि असा करार मुळातच रद्दबातल असतो, हे १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलनं मोहोरीबीबीच्या खटल्यात स्पष्ट केलं. म्हणून कागदावर तू. बोलणी मात्र तिची, तू नुसती शेजारी उभी.

पैशासाठी तिचं स्वतःचं बचत खातं काढ. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः खातं चालवू द्यायची मोकळीक रिझर्व्ह बँकेनं २०१४ मध्येच बँकांना दिली आहे. तुमची बँक मर्यादा किती ठेवते ते शाखेत जाऊन तिनंच विचारावं. फोटो टाकून ऑर्डरी घ्यायच्या असतील तर नंबर तुझा असू दे, आणि घरचा पत्ता, शाळेचं नाव फोटोत कुठेही नको. माल पोचवायला एकटी पाठवू नकोस. यात हात पदराखाली ठेवायचा नाही.

मैत्रिणीला भागीदार घेणार असेल तर आनंदच आहे. पण आधी एक पान लिहू दे दोघींना. कामाचे तास कोण मोजणार, पैसे कसे वाटायचे, एकीला कंटाळा आला तर काय. मैत्री वाचते. सोसायटीतली लहान मुलं कौतुकानं चिकटवायला येतात. येऊ देत, खाऊ द्या, खेळू द्या. पण दहा-बारा वर्षांच्या पोरांना नगावर पैसे देऊन बसवायचं नाही. चौदाच्या आतल्या मुलाला कामाला ठेवणं हा गुन्हा आहे, आणि नसता तरी ते बरं दिसलं नसतं.

पहिली भवानी शेजारच्या काकूंकडून होऊ देऊ नकोस. काकू, मावश्या, मी, आम्ही प्रेमापोटी घेणारच, आणि मग तिला वाटेल माल खपतोय. आम्हाला शेवटी थांबव. अनोळखी माणूस येतो, कंदील उलटा करून बघतो, "दीडशेला दे" म्हणतो, तेव्हा तिच्या तोंडून पहिल्यांदा "नाही परवडत" निघायला हवं. ते वाक्य पहिल्यांदा म्हणायला माझ्या दोन दिवाळ्या गेल्या.

आणि लक्ष्मीपूजनानंतर उरलेल्या कंदिलांना गिऱ्हाईक नाही, हे तिला आधीच माहीत असू दे. म्हणून पहिल्या वर्षी वीसच. पाच उरले तर ते ठेवावेत नीट, कागद काढून. सांगाडे पुढच्या वर्षी चालतात. तिला वाईट वाटेल. "अगं, काही हरकत नाही" असं लगेच म्हणू नकोस. थोडा वेळ शेजारी बस.

तिच्यासाठी एक वेगळी कात्री घे असं लिहिणार होते, मग आठवलं. आत्याची पितळी मुठीची कात्री माझ्याकडे आहे. मागच्याच महिन्यात धार लावून आणली. येत्या रविवारी कुणी इकडे येणार असेल तर त्याच्या हाती पाठवते. मापाची कामटी मात्र तिची तिनं करावी. लाल दोरा देते सोबत.